ज्यांना दिलं नाही, त्यांचा आकडा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' निम्मे कापलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

तुम्ही आत्ता परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात कुठे असाल, तर आजची गोष्ट तुमच्या जवळपासचीच आहे. परळला केईएमच्या आजूबाजूला दोन संस्था आहेत, हाफकिन इन्स्टिट्यूट आणि टाटा हॉस्पिटल. एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. टाटाच्या बाहेर फुटपाथवर बसलेली गावाकडची माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हाफकिनच्या आत मात्र फारसं कुणी गेलेलं नसतं.

आजचा प्रश्न साधा आहे. एखादी लस, एखादं औषध किंवा एखादी तपासणी खरंच उपयोगी पडते, हे कळतं कसं?

आपल्या फॅमिली ग्रुपवर याचं उत्तर ठरलेलं असतं. 'आमच्या काकांनी घेतलं, तीन दिवसांत टुणटुणीत.' बरं. पण घेतलं नसतं तर काका किती दिवसांत टुणटुणीत झाले असते? हे काकांना माहीत नाही, काकूंना नाही आणि डॉक्टरांनाही नाही. एकच काका एकाच वेळी औषध घेऊन आणि न घेऊन बघता येत नाहीत. म्हणून काकांसारखीच दुसरी माणसं शोधावी लागतात, ज्यांनी ते घेतलेलं नाही, आणि त्यांचं काय झालं तेही मोजावं लागतं. संशोधनाच्या भाषेत हा 'कंट्रोल' गट. बातमीत त्याचं नाव क्वचित येतं, पण सगळा पुरावा त्याच्यावर उभा असतो.

आणि या न घेतलेल्या माणसांना मोजण्याचे दोन मोठे किस्से आपल्याच शहरात घडलेत. एक १८९७ चा, दुसरा १९९८ पासूनचा. दुसऱ्यावरून अजूनही वाद होतात.

आधी प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले पेशंट ओळखले. त्यानंतरच्या महिन्यांत मुंबईतून लाखो माणसं गावाकडे पळाली. सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावलं. मूळचा ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, आणि भारतात कॉलऱ्याची लस टोचत आधीच फिरलेला हा माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली मोजकी माणसं. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली.

ही गोष्ट शाळेत सांगतात तेव्हा इथे टाळ्या पडतात. माणूस धाडसीच होता. पण पुरावा म्हणून बघा. हाफकिनने टोचून घेतली, ताप आला, तो जगला. यावरून एवढंच कळलं की ती लस विष नाही. प्लेगपासून ती वाचवते का, याबद्दल त्या सुईने काहीही सांगितलं नाही. त्याला प्लेग झाला नाही, पण त्या महिन्यात मुंबईतल्या बहुतेक माणसांनाही तो झाला नव्हता.

हे हाफकिनला पुरतं ठाऊक होतं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तो तिकडे गेला. मोजणाऱ्याच्या दृष्टीने तुरुंग ही आदर्श जागा. सगळ्यांना एकच जेवण, एकच पाणी, एकच हवा, रोज हजेरी, आणि मध्येच कुणी गावाला निघून जात नाही. त्याच कारणाने ती वाईट जागाही आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

३० जानेवारीला कैद्यांना विचारलं, कोण टोचून घेतंय? दीडशेच्या आसपास जणांनी टोचून घेतलं, पावणेदोनशेच्या आसपास तसेच राहिले. पुढच्या आठवड्याभरात न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला, गेलं कुणी नाही.

बारा विरुद्ध दोन. आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, एवढ्याशा आकड्यावर काय ठरवायचं? योगायोग असेल! रास्त शंका आहे. तर योगायोग मोजू या. एकूण पेशंट १४. लसीचा काहीच उपयोग नसता, तर प्रत्येक पेशंट या गटातला की त्या गटातला, हे नाणं उडवल्यासारखं झालं असतं. १४ वेळा नाणं उडवा. दोन किंवा त्याहून कमी छापे येण्याची शक्यता किती? हजारात साधारण साडेसहा. गट अगदी समान नव्हते, न टोचलेले थोडे जास्त होते, तो हिशेब धरला तरी शंभरात दीडच्या आत. अशक्य नाही, पण नुसत्या नशिबावर ढकलावं असंही नाही. (१८९७ मध्ये हा हिशेब असा कुणी करत नव्हतं. आजच्या भाषेत मी तो तुम्हाला करून दाखवतेय.)

पण नाण्याच्या हिशेबात एक मेख आहे, आणि मला ती बारा-दोनपेक्षा जास्त आवडते. नाण्याचा हिशेब तेव्हाच लागू पडतो, जेव्हा प्रत्येक नाणं स्वतंत्रपणे पडतं. प्लेग तसा पडत नाही. तो उंदरांवरच्या पिसवांमधून येतो, आणि १८९७ च्या जानेवारीत हे कुणाला माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने पिसवांचा धागा पकडला तो पुढच्या वर्षी. समजा, टोचून न घेतलेले बरेचसे कैदी योगायोगाने एकाच बराकीत झोपत असतील आणि मेलेला उंदीर त्याच बराकीत असेल, तर? मग १२ पेशंट म्हणजे १२ वेगळे पुरावे नाहीत. तो एक उंदीर आहे. ही बराक लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी ती परत येणार आहे.

दुसरी मेख, हो म्हणणारे कोण होते? ज्यांनी स्वतःहून हात पुढे केला ते तरुण, धडधाकट असतील का? की उलट, सगळ्यात घाबरलेले? आपल्याला सांगता येत नाही. स्वतःहून आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली, की लसीचा परिणाम आणि माणसांमधला फरक यांची खिचडी होते. आजही 'जिमला जाणारे कमी आजारी पडतात' छापाच्या बातम्यांत हीच खिचडी असते. मुळात आजारी माणूस जिमला जातच नाही!

तिसरी. टोचलेल्यांपैकी तिघांना त्याच दिवशी प्लेगची लक्षणं दिसली, आणि ते तिघं गेले. बारा-दोनच्या हिशेबात ते नाहीत. धरायचे का? हाफकिनचं म्हणणं असं की रोग त्यांच्या अंगात आधीच होता, लस काम करायच्या आत तो उफाळला. पटण्यासारखं आहे. पण ते धरले, तर 'मृत्यू शून्य' हे वाक्य गळून पडतं. मोजणी कुठल्या क्षणापासून सुरू करायची, हे आधी ठरवलं नाही तर हवा तो आकडा काढता येतो. हाफकिनने हे तिघं लपवले नाहीत, छापून सांगितले. त्यामुळे तर आपण आज त्यांच्यावर बोलू शकतोय.

टीका होत होती, तसा हाफकिनचा प्रयोगही पक्का होत गेला. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळ उंढेरा गावात त्याने काय केलं? गावातल्या घराघरातली माणसं बोलावली आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्यांना लस टोचली. तेच छप्पर, तेच उंदीर, तेच जेवण. म्हणजे बराकीची अडचण बरीचशी सुटली. दीडेक महिन्याने जाऊन मोजलं. ज्या २८ घरांत प्लेग शिरला होता, तिथे न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना झाला आणि २६ गेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला, ३ गेले.

आकड्यावर जरा थांबा. न टोचलेल्यांत शंभरातले जवळजवळ ४१ मेले, टोचलेल्यांत ४. यापेक्षा स्वच्छ निकाल कुणाला हवा? आणि याच निकालाकडे मला सरळ बघता येत नाही. एका घरात निम्म्यांना. आईला टोचली आणि मुलाला नाही, किंवा एका भावाला टोचली, दुसऱ्याला नाही. घरोघरी हा फरक हाताच्या बोटांवर मोजता आला असणार. आकडा जितका स्पष्ट, तितका न दिलेल्यांचा तोटा मोठा. प्रयोग चांगला जमला म्हणजे नेमकं हेच झालं.

बरं, आधी तरी कुणाला ठाऊक होतं? लस उलटली असती तर वाचणारे उरलेले निम्मे असते. अर्ध्यांना न देण्यामागे न्याय असतो तो एवढाच, की कुठला अर्धा भाग नशीबवान हे कुणालाच खरोखर ठाऊक नसतं. ते ठाऊक असूनही मोजत बसलं, तर तो प्रयोग उरत नाही. आणि हाफकिन? भायखळ्याच्या आकड्यांनंतर वर्षभराने तो उंढेऱ्यात होता. त्याला स्वतःला खात्री होती. जगाला नव्हती. कुणाच्या खात्रीवर थांबायचं, हा प्रश्न तेव्हाही होता.

सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने पुढे त्याच्या आकड्यांच्या अचूकतेवर बऱ्याच शंका काढल्या, पण लसीने प्लेग कमी होतो हे मान्य केलं. १८९९ मध्ये त्याची लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि १९२५ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं. (पंजाबातल्या मुलकोवाल गावात १९०२ मध्ये लशीनंतर १९ जण धनुर्वाताने गेले आणि हाफकिनचं करिअर त्यात होरपळलं, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. त्यावर बोलायला एक तास पुरणार नाही.)

आता शंभर वर्षं पुढे. परळच, पण टाटा मेमोरियल. १९९८. भारतीय बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये दोन सगळ्यात मोठे, गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा. श्रीमंत देशांत एकासाठी पॅप स्मिअर, दुसऱ्यासाठी मॅमोग्राफी. दोन्हीला मशीन, लॅब, तज्ज्ञ आणि पैसा लागतो. टाटाच्या टीमने विचारलं, हे सगळं नसेल तर? गर्भाशयमुखाला पातळ अॅसिटिक अॅसिड लावायचं, म्हणजे जवळजवळ चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगरच. मिनिटभराने बघायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. आणि स्तनांची तपासणी हाताने. हे करणार कोण? डॉक्टर नाहीत. शाळा शिकलेल्या, खास ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या.

मुंबईतल्या वस्त्या निवडल्या, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. वस्त्यांचे २० गट केले आणि कुठले दहा तपासणीत, कुठले दहा कंट्रोलमध्ये, हे रँडम पद्धतीने ठरवलं. म्हणजे नावं चिठ्ठ्या टाकून निघाली, कुणाच्या मर्जीने नाही. तपासणीत ७५,३६० बायका, कंट्रोलमध्ये ७६,१७८.

बाईगणिक चिठ्ठी का नाही टाकली, वस्तीगणिक का? चाळीत राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खोली नंबर बारामधल्या ताईंना तपासायला बोलावलं आणि तेरामधल्यांना नाही, तर संध्याकाळी नळावर सगळं उघड. तेरावाल्या स्वतःच टाटाला जाऊन तपासून येतील. मग कंट्रोल उरतच नाही. म्हणून अख्खी वस्ती या बाजूला किंवा त्या बाजूला.

पण आठवते ती बराक? ती इथे परत येते. दीड लाख बायका असल्या तरी नाणी उडली फक्त वीस. एखादी वस्ती दवाखान्याला खेटून असेल, एखादीत सगळी कुटुंबं एकाच जिल्ह्यातून आलेली असतील, तर तिथल्या हजारो बायका काही बाबतींत एकसारख्या असणार. आकडेशास्त्रात हा एकसारखेपणा धरूनच हिशेब करावा लागतो, आणि तो धरला की दीड लाखाचं वजन दीड लाखाएवढं उरत नाही. जाहिरातीत 'लाखभर लोकांवर सिद्ध' असं दिसलं की मी आधी विचारते, नाणी किती होती?

मग पुढचा प्रश्न, काय मोजायचं? सगळ्यात सोपं उत्तर, कॅन्सर सापडल्यावर बायका किती वर्षं जगल्या. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे ते आपल्याला सेंट्रल लाइनवर कळतं. कर्जतहून निघालेली लोकल दादरला नऊ वाजता पोचते. तुम्ही ती कल्याणला पहिल्यांदा पाहिली, तर म्हणाल तासभर लागला. मी तीच गाडी कर्जतलाच पाहिली, तर म्हणेन दोन तास लागले. गाडी दादरला पोचली नऊलाच. रोग लवकर पकडला की 'निदानानंतर जगलेली वर्षं' आपोआप वाढतात, बाई एक दिवसही जास्त जगली नाही तरी. शिवाय काही गाड्या ठाण्यालाच संपतात. काही गाठी इतक्या संथ असतात की त्या बाईला आयुष्यात कधी त्रास देणार नव्हत्या. त्या शोधून काढल्या, की 'बऱ्या झालेल्यांचा' आकडा फुगतो. त्यामुळे 'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण एवढं टक्के' असा बोर्ड कुठे दिसला, तर त्यावरून तपासणीची किंमत ठरवू नका.

म्हणून या ट्रायलमध्ये मृत्यू मोजले. नुसते पेशंटमधले नाहीत, तर गटातल्या सगळ्या बायकांमागे त्या कॅन्सरने किती गेल्या, ते. हे मोजायला फार वेळ लागतो. तपासणी गटाला दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या मिळाल्या. मग दोन्ही गटांत घरोघर जाऊन पाठपुरावा, तोही दोन-दोन वर्षांनी, वर्षानुवर्षं. मुंबईच्या झोपडपट्टीत! जिथे वस्ती तुटते, एसआरएचा टॉवर उभा राहतो, माणसं विरारला जातात, गावी जातात, पत्ता आणि फोन नंबर दोन्ही बदलतात. या संशोधनाचं मोठं श्रेय मला त्या घरोघर हिंडणाऱ्या बायकांना द्यावंसं वाटतं. दार वाजवून 'मावशी, तुमच्या शेजारच्या कुठे गेल्या हो?' असं विचारत फिरल्याशिवाय हा आकडा तयार होत नाही.

पहिला निकाल २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर तज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मांडला. बारा वर्षांत, व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. रोगाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, वर्षाला लाखामागे २७ च्या आसपास. म्हणजे रोग तेवढाच झाला, पण लवकर सापडला, उपचार झाले आणि बायका वाचल्या.

स्तनाच्या कॅन्सरचा निकाल यायला २०२१ उजाडलं. वीस वर्षांचा पाठपुरावा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा पेपर. तपासणी गटात मृत्यू १५ टक्के कमी. पण 'सांख्यिकीदृष्ट्या ठोस नाही.' हे वाक्य वाचून बरेच जण पुढे सरकतात. आपण थांबू. पेपरमधला आकडा आहे ०.८५, आणि त्याची शक्यतेची पट्टी ०.७१ ते १.०१. एक म्हणजे काहीच फरक नाही. ०.७१ म्हणजे २९ टक्के कमी मृत्यू. पट्टीचं जवळजवळ सगळं अंग फायद्याच्या बाजूला आहे, शेपटीचं टोक तेवढं 'फरक नाही'ला शिवतंय. याचा अर्थ 'तपासणी निरुपयोगी ठरली' असा होत नाही. 'सिद्ध झाली' असाही होत नाही. फायदा असावा, पण हमी देता येत नाही, असा होतो. ही अर्धवट अवस्था हेडलाइनमध्ये मावत नाही.

त्याच पेपरमध्ये अजून एक आकडा आहे, आणि बातम्यांनी तोच उचलला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, आणि हा फरक ठोस. मग झालं की सिद्ध! थांबा. समजा, कॅरम खेळताना असं ठरलं, की स्ट्रायकर मारण्याआधी सांगायचं, कुठली सोंगटी कुठल्या पॉकेटात. मारून झाल्यावर जी गेली तिच्याकडे बोट दाखवून 'हीच मारायची होती' म्हणता येत नाही. पन्नाशीची ही फोड आधी जाहीर केलेली नव्हती, आकडे हातात आल्यावर केली. हे संशोधकांनी स्वतःच पेपरमध्ये लिहिलंय, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणजे हा निकाल खोटा आहे का? मुळीच नाही. तो पुढच्या प्रयोगासाठीचा चांगला अंदाज आहे. दुसऱ्या एका आकड्याचं मात्र मला जास्त कौतुक आहे, आणि तो फारसा कुठे दिसला नाही. तपासणी गटात स्तनाचा कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, कंट्रोलमध्ये ४७. लवकर सापडणं म्हणजे जीव वाचणं नव्हे, ते आत्ताच लोकलच्या उदाहरणात पाहिलं. पण उपचार किती जड जाणार आणि खर्च किती होणार, यात स्टेजने मोठा फरक पडतो.

आता मुद्द्याचं. त्या ७६,१७८ बायका.

त्यांना काय मिळालं? सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती, लक्षणं काय, कुठे जायचं. मग दर दोन वर्षांनी कुणीतरी घरी येऊन विचारपूस. तपासणी नाही. आणि त्यांच्यातल्या काही गेल्या. भारतात अशा तीन मोठ्या चाचण्या झाल्या, मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगुल. तिन्ही मिळून कंट्रोल गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने २५४ बायका गेल्या. मुंबईच्या ट्रायलला पैसा अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेचा होता. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी तिथल्या सरकारी ऑफिसकडे तक्रार केली. त्यांचं म्हणणं होतं, पॅप स्मिअरने मृत्यू कमी होतात हे जगाला कित्येक दशकं माहीत आहे, मग कुठल्याही बाईला बिनतपासणीचं ठेवायचं कारणच काय? आणि संमती घेताना या बायकांना हे नीट सांगितलं होतं का?

बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं असं, की या वस्त्यांत तपासणी मुळात नव्हतीच. कंट्रोलमधल्या बायकांचं काही काढून घेतलं नाही. उलट त्यांना माहिती मिळाली, आणि निकाल आल्यावर त्यांनाही तपासणी देऊ केली.

मला दोन्ही ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं, पण माझं मत सांगते. 'तपासणी मुळात नव्हतीच' हे खरं आहे, पण ते सरकारबद्दल खरं आहे. दर दोन वर्षांनी त्या दारात उभं राहणारं माणूस संशोधनाचं होतं. दारात उभं राहिलं की आपण परके उरत नाही. त्या बाईने आत घेऊन पाणी दिलं, आणि आपल्याकडे व्हिनेगरची बाटली आहे. हे नातं हिशेबात नुसतं 'जे होतं तेच चालू ठेवलं' म्हणून मांडता येत नाही. निदान 'अशी एक तपासणी आहे, ती तुम्हाला या प्रयोगात मिळणार नाही, हवी तर अमुक ठिकाणी मिळेल' हे तिच्या भाषेत, तिला कळेल असं सांगणं हा तिचा हक्क होता. ते किती सांगितलं गेलं, यावर तर सगळा वाद आहे.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही, आणि ती उस्मानाबादमुळे कळते. तिथे, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, २००९ च्या निकालात एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. एचपीव्ही विषाणूच्या टेस्टने मात्र मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईत चार फेऱ्यांनंतर व्हिनेगरचा फायदा दिसला. म्हणजे व्हिनेगर चालतं की नाही, हे उघड नव्हतंच. किती वेळा करायचं, कोण करणार, ट्रेनिंग कसं, यावर ते अवलंबून आहे. कंट्रोल नसता तर आपण उस्मानाबादवरून ते फेकून दिलं असतं, किंवा मोजल्याशिवाय देशभर सुरू करून स्वतःची पाठ थोपटत बसलो असतो.

मधला रस्ता असतो. सगळ्यांनाच द्यायचं, पण कुणाला कुठल्या वर्षी हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रसाद सगळ्यांना मिळणार, रांगेतला नंबर तेवढा नशिबाने. ज्यांचा नंबर यायचाय तो तोवरचा कंट्रोल. आफ्रिकेतल्या गांबियात १९८६ पासून हेपटायटिस बीची लस अशीच भागाभागाने दिली, लस एका दमात सगळीकडे पोचवणं तसंही शक्य नव्हतं. जिथे पुरवठा मुळातच अपुरा, तिथे मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिच्यातही गोची आहे. कॅन्सरचे मृत्यू दिसायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि रांग तेवढी लांब ठेवली तर शेवटच्या वस्तीला आपण काय दिलं?

भायखळ्याच्या कैद्याने 'हो' म्हटलं ते किती मोकळेपणाने, हे मघाशी पुढे ढकललं होतं. तुरुंगात साहेब विचारतो तेव्हा 'हो' आणि 'नाही' दोन्ही अवघड असतात. वस्तीतल्या बाईला टाटासारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने कुणी कागद पुढे केला, तर तिची सही किती मोकळी? तुरुंगाएवढी वाईट अवस्था अर्थातच नाही. पण टॉवरमधल्या बाईइतकी मोकळीही नाही. आणि दीड लाखांची ट्रायल टॉवरमध्ये होत नाही, वस्तीतच होते. भारतात कॅन्सरबद्दल आपल्याला जे पक्कं माहीत आहे, त्यातलं बरंच अशा दारांवरून आलेलं आहे.

त्या माहितीचं पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० ते ६५ वयाच्या सगळ्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, हाताने स्तनांची तपासणी, आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. मग २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारलं, तुमची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का? ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये 'हो' म्हणणाऱ्या दोनही निघाल्या नाहीत. स्तनांच्या तपासणीला एकही नाही. ट्रायलमधल्या ७६,१७८ जणींच्या दारात निदान दर दोन वर्षांनी कुणीतरी येऊन विचारपूस करत होतं.